गाळलेली दोन पाने

शाळेत वक्तृत्वस्पर्धा भरवाव्यात, मुलांकडून हस्तलिखित काढवावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मुलांना बोलता यावे, लिहिता यावे, हा तिच्यामागचा हेतू. पण बोलता येणे ही एक गोष्ट झाली आणि काय बोलायचे हे स्वतः ठरविणे ही दुसरी. पहिली शिकविताना दुसरीचे काय करायचे, ह्या प्रश्नावर अमेरिकेतील शाळा कोर्टापर्यंत गेल्या. तो इतिहास आपणही ऐकण्याजोगा आहे.

तेथील अनेक हायस्कुलांत वृत्तपत्रविद्या हा रीतसर अभ्यासाचा विषय असतो. वर्ग हेच संपादकमंडळ, शिक्षक हा त्याचा सल्लागार. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातील डे मॉइन शहरी व्हिएतनाम युद्धाचा शोक म्हणून काही मुले दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत गेली आणि शाळेने त्यांना घरी धाडले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांचा पक्ष उचलून धरला. शाळेच्या कामात मोठा व्यत्यय येत नसेल आणि इतरांच्या हक्काला बाध येत नसेल, तर विद्यार्थ्याचे तोंड बंद करता येत नाही, असे तत्त्व त्यातून निघाले.

ह्या तत्त्वाची खरी कसोटी लागली ती मिसुरी राज्यातील हेझलवुड ईस्ट हायस्कुलात. तेथील वर्ग ‘स्पेक्ट्रम’ नावाचे पत्र काढी. १९८२–८३ ह्या वर्षात त्याच्या साडेचार हजारांहून अधिक प्रती वाटल्या गेल्या. छपाईला एकूण सुमारे ४,६६९ डॉलर खर्च आला. विक्रीतून आले अवघे १,१६७. मे १९८३ च्या अंकाची मुद्रिते मुख्याध्यापकांपुढे आली. एका लेखात शाळेतीलच तीन गर्भवती मुलींचे अनुभव होते, दुसऱ्यात आईबापांच्या घटस्फोटाने मुलांवर होणारे परिणाम. मुख्याध्यापकांच्या शंका अगदीच पोकळ नव्हत्या. नावे बदलली तरी त्या मुली ओळखू येतील, आणि ज्या बापाविषयी मुलगी तक्रार करते त्याला उत्तराची संधी मिळालेली नाही, असे त्यांचे म्हणणे. पण वर्ष संपत आले होते, दुरुस्तीला वेळ उरलेला नाही असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी मुलांशी बोलण्याऐवजी सबंध दोन पानेच काढून टाकली. त्यांबरोबर ज्यांवर काहीच आक्षेप नव्हता असे लेखही गेले.

तीन विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. पहिल्या न्यायालयात त्या हरल्या, अपिलात जिंकल्या, आणि जानेवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी पुन्हा हरल्या. शाळेच्या पैशाने व अभ्यासाचा भाग म्हणून निघणाऱ्या पत्रावर, शिक्षणाच्या दृष्टीने सयुक्तिक कारण असल्यास, शाळेचा ताबा राहील, असा हा निकाल. मतभेद नोंदविताना न्यायमूर्ती ब्रेनन यांनी म्हटले की, ह्या मुलांना नागरिकत्वाचा धडा हवा होता, पण मिळाला तो भलताच.

प्रकरण मात्र तेथे मिटले नाही. कॅलिफोर्नियात १९७७ पासूनच विद्यार्थिपत्रांना संरक्षण देणारा कायदा होता. निकालानंतर इतर राज्येही तसे कायदे करू लागली. १९९२ साली कॅन्ससने केला. हे कॅन्सस म्हणजे मिसुरीचे शेजारी. तेथील पिट्सबर्ग गावच्या हायस्कुलात २०१७ साली नव्या मुख्याध्यापिकेची नेमणूक झाली, तेव्हा शालेय पत्राच्या मुलांनी रिवाजाप्रमाणे परिचयलेख लिहावयास घेतला. माहिती जुळेना. ज्या विद्यापीठाच्या पदव्या सांगितल्या होत्या त्याच्या मान्यतेचाच पत्ता लागेना. मुलांनी चिकाटीने शोध घेतला, शिक्षिका पाठीशी उभी राहिली, आणि लेख छापला गेला. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापिकेने राजीनामा दिला. गावातील वडीलधाऱ्यांच्या नजरेतून जे निसटले होते, ते मुलांनी पकडले.

सीमेच्या अलीकडची मुले आणि पलीकडची मुले यांत बुद्धीचा फरक नव्हता. फरक विश्वासाचा होता. मुलांचे चुकते, हे खरेच. पण चूक दाखवून लेख सुधारून घेणे हे शिक्षण, आणि पान फाडणे हा केवळ बंदोबस्त. आपल्या वक्तृत्वस्पर्धेत शिक्षकांनी लिहून दिलेले भाषण मूल घडाघडा म्हणून दाखविते, आपण टाळ्या देतो, कपही देतो. पुढच्या वेळी टाळी देण्यापूर्वी त्या मुलाला एवढेच विचारावे : बाळ, ह्यातले तुझे स्वतःचे कोणते?