चेंडू रेषेपलीकडे गेला होता काय?

गोल झाला की नाही, यावरून गावच्या मैदानावर हमरीतुमरी झालेली तुम्ही पाहिलीच असेल. असाच एक तंटा लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

तारीख ३० जुलै १९६६. जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. २-२ अशी बरोबरी होऊन जादा वेळ चालू होता. ज्योफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या दांडीला खालून लागला, जमिनीवर आपटला आणि बाहेर उसळला. आता नियम असा, की अख्ख्या चेंडूने अख्खी रेषा ओलांडली पाहिजे. बोटभर अलीकडे राहिला तरी गोल नाही. स्विस पंच डीन्स्ट यांची खात्री होईना. ते गेले रेषापंचाकडे, सोव्हिएत अझरबैजानच्या तोफिक बहरामोव यांच्याकडे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती! बहरामोवनी मान डोलावली, गोल मिळाला, आणि इंग्लंडने ४-२ असा विश्वचषक जिंकला.

कॅमेरे तेव्हाही होते, बरे का. पण चित्र पाहण्याची मुभा सगळ्यांना, पंचांना तेवढी नाही! १९८६ मध्ये मेक्सिकोत मॅराडोनाने हाताने केलेला गोल याच कारणाने टिकला. २०१० मध्ये इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडला, तरी गोल नाकारला गेला. समोर पुन्हा जर्मनीच. जर्मनांनी १९६६ चे व्याज वसूल केले म्हणा ना! या प्रसंगानंतर मात्र चक्रे फिरली. २०१२ मध्ये गोलरेषेवरील यंत्राला मान्यता मिळाली आणि २०१८ मध्ये चित्रफीत पाहणारा सहायक पंच नियमात आला.

त्याला सुरुवातीला चारच बाबींत बोलता येई: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला झालेली शिक्षा. तेही चूक उघड असेल तरच, आणि शेवटचा शब्द मैदानावरील पंचाचाच. दुसरे पिवळे कार्ड व कॉर्नर त्यात नव्हते. साहजिकच मागणी आली, की व्याप्ती वाढवा. चुकून दिलेल्या कॉर्नरवरूनच गोल झाला, तर त्याची दाद कुठे मागायची?

प्रश्न बिनतोड आहे. तरीही माझे मन कचरते. क्रिकेटमध्ये १९९२ साली डर्बनला पडद्यावर पाहून सचिन तेंडुलकरला धावबाद दिले, तेव्हा कोणाचा खोळंबा झाला नाही. तिथे दोन चेंडूंमध्ये विसावा असतोच. फुटबॉल वाहता खेळ आहे. गोल झाल्यावर हजारो लोक आनंदाने ओरडायचे सोडून पंचाच्या कानातल्या यंत्राकडे पाहत उभे राहतात, हे मला तरी रुचत नाही. पेनल्टीसाठी ते सोसावे, कॉर्नरसाठी नको.

आणि बहरामोव? बाकू शहरातल्या मोठ्या क्रीडांगणाला आज त्यांचे नाव आहे, आणि बाहेर त्यांचा पुतळाही उभा आहे.