पाठीवरचे ओझे ते गिलोटिन : फ्रेंच राज्यक्रांतीतील व्यंगचित्रे

एक म्हातारा शेतकरी कुदळीचा आधार घेऊन कसाबसा उभा आहे. कमरेतून वाकलेल्या त्याच्या पाठीवर दोघे जण ऐटीत बसले आहेत : एक धर्मगुरू आणि एक सरदार. पायाशी ससे त्याची कोबी कुरतडत आहेत, कबुतरे पेरलेले दाणे टिपत आहेत. चित्राखाली गावरान फ्रेंच बोलीत एक ओळ आहे. हा खेळ आता लवकर संपावा, एवढीच आशा तीत व्यक्त केली आहे. १७८९ साली पॅरिसमध्ये विकले गेलेले हे व्यंगचित्र फ्रेंच राज्यक्रांतीचे बहुधा सर्वांत प्रसिद्ध चित्र असावे.

यातले ससे आणि कबुतरे शोभेसाठी काढलेली नाहीत. त्या काळी शिकारीचा हक्क सरदारांचा होता. ससा पीक खात असला तरी शेतकऱ्याने त्याला मारणे गुन्हा ठरे. कबुतरखाना बाळगण्याचा मानही जमीनदाराचा, दाणे मात्र रयतेच्या शेतातले. त्यावर मिठाचा कर आणि चर्चला द्यायचा हिस्सा होताच. त्या वर्षीच्या वसंतात राजाच्या हुकमाने गावोगावी तक्रारवह्या भरून घेतल्या गेल्या. त्यांत हीच गाऱ्हाणी पानोपानी आहेत. माझ्यासारख्या सरकारी नोकराचा दिवस अर्ज-निवेदने वाचण्यात जातो. मला हे चित्र म्हणजे तसाच एक अर्ज वाटतो. फरक इतकाच की तो वाचायला अक्षरओळख लागत नाही. फ्रान्समध्ये तेव्हा निम्म्याहून अधिक पुरुषांना आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश स्त्रियांना स्वतःची सहीही करता येत नव्हती. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्कांवर घाव घातला. शिकारीचा आणि कबुतरखान्याचा विशेषाधिकार तेव्हाच गेला.

ही चित्रे तयार करण्याची पद्धत सोपी होती. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यावर चित्र कोरायचे आणि पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे मेण खरवडले असेल तिथे आम्ल तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून छाप काढायचे आणि वरून हाताने रंग द्यायचा. ताजी घटना काही दिवसांतच दुकानाच्या खिडकीत लटकू लागे. सँ-झाक रस्ता आणि पाले-रोयालचा परिसर अशा दुकानांसाठी प्रसिद्ध होता.

पहिल्या चित्राला लवकरच जोडचित्र आले. त्यात शेतकरी सरदाराच्या पाठीवर बसला आहे आणि धर्मगुरू बरोबर चालतो आहे. आपलीही पाळी येणार हे ठाऊक होतेच, असे तो शेतकरी खुशीत म्हणतो. लोक हसले असतील, आणि त्यांनी का हसू नये? पण नीट पाहिले तर कुणीतरी कुणाच्या तरी पाठीवर अजून आहेच.

जून १७९१ मध्ये राजा सोळावा लुई कुटुंबासह वेश पालटून पळाला आणि वारेन या गावी पकडला गेला. त्यानंतर चित्रांचा नूर पालटला. राजाचे डुक्कर झाले. एका चित्रात तर सगळे राजकुटुंबच डुकरांच्या रूपात गोठ्याकडे परत नेले जात आहे. राणी मारी अँत्वानेत कधी श्वापद झाली, कधी राक्षसीण. चित्रांतून आणि चोपड्यांतून तिच्याविषयी वर्षानुवर्षे जी घाण पसरवली गेली होती, तशाच स्वरूपाचा आरोप ऑक्टोबर १७९३ मध्ये भर न्यायालयात तिच्यावर ठेवला गेला, आणि तोही तिच्या स्वतःच्या मुलाच्या संदर्भात. त्याआधी जानेवारीत राजाचा शिरच्छेद झालाच होता. व्हिलनव्ह नावाच्या चित्रकाराने राजाचे तोडलेले, रक्त ठिबकणारे मुंडके हातात धरलेले चित्र छापून विकले.

याच काळात बॉये-ब्रँ या राजनिष्ठ लेखकाने या व्यंगचित्रांचा इतिहास लिहायला घेतला. १७९२ मध्ये तो छापलाही. राजसत्ता खिळखिळी करण्याचे हे ठरवून वापरलेले हत्यार आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे राजकारण आपल्याला पटो न पटो, चित्रांची ताकद त्याने नेमकी ओळखली होती. १७९४ मध्ये त्यालाही गिलोटिनवर चढवण्यात आले.

पुढे क्रांतीचे सरकारच या धंद्यात उतरले. १७९३ मध्ये सार्वजनिक सुरक्षा समितीने प्रख्यात चित्रकार दाविद याला शत्रूची खिल्ली उडवणारी चित्रे काढायला सांगितले. समुद्रापलीकडे लंडनमध्येही निराळे घडले नाही. जेम्स गिलरे हा तिथला सर्वांत तिखट व्यंगचित्रकार. १७९२ मध्ये त्याने पॅरिसचे क्रांतिकारक माणसांचे मांस खात बसलेले दाखवले. पण तो स्वकीयांनाही सोडत नसे. १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणहून लॉर्ड कॉर्नवॉलिसला माघार घ्यावी लागली, तेव्हा गिलरेने त्याला चक्क गाढवावर बसवून पळवले. (याच माघारीत उपासमारीने हैराण झालेल्या इंग्रज फौजेला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या आणि त्यांच्या बाजारामुळे तिला धान्य मिळाले.) १७९७ पासून मात्र सरकारपक्षाने गिलरेला वर्षाला सुमारे २०० पौंडांचे मानधन सुरू केले आणि त्याच्या टीकेचा रोख विरोधकांकडे वळला.

पहिल्या चित्रातल्या धर्मगुरूला आणि सरदाराला नाव नाही. ते चित्र एका व्यवस्थेबद्दल बोलते : कोण वाहतो आणि कोण बसतो. अवघ्या दोन वर्षांनंतरच्या चित्रांत करांबद्दल, धान्याबद्दल काही नाही. फक्त डुकरे आहेत. एकदा माणसाचे जनावर केले की त्याच्या मरणाचे कुणाला काही वाटेनासे होते.

आपल्या गणेशोत्सवातही मेळ्यांच्या पदांतून आणि देखाव्यांतून सत्तेला चिमटे काढायची जुनी रीत आहे, ती टिकायला हवी. आज तर तांब्याचा पत्राही लागत नाही. बोट लावले की चित्र शंभर घरांत पोहोचते. ते पुढे पाठवण्यापूर्वी एकदा पाहावे : यात कुणाच्या पाठीवरचे ओझे दाखवले आहे, की नुसतेच कुणाला तरी डुक्कर केले आहे?