मामा तलावांतील देशी माशांचे पुनरुज्जीवन

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी (मामा) तलावांत देशी मासे व पाणवनस्पती परत आणण्याचे, मासेमारी करणाऱ्या धीवर समाजाचे हे काम. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ते विशेष रुजले. मच्छीमार सहकारी संस्था, महिला आणि मनीष राजनकर यांच्या पुढाकारातील ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ यांनी ते मिळून उभे केले. धीवर महिलांना त्यात आणण्यात निमगावच्या शालू कोल्हे यांचा वाटा मोठा आहे.

गोंड राजवटीत कोहळी समाजाने धानाच्या ओलितासाठी हे तलाव बांधले. नवेगाव बांध त्यांतलाच. १९५१ मध्ये मालगुजारी ही जमीनमहसुलाची पद्धत संपली, तलाव सरकारजमा झाले आणि गावाने त्यांची देखभाल करण्याची रीत मोडली. पुढे मत्स्योत्पादनासाठी रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे बीज पुन्हा पुन्हा विकत घ्यावे लागते. मरळ, मांगूर यांसारखे देशी मासे मात्र पावसाळ्यात उथळ, गवताळ पाण्यात आपणच वाढतात. त्यांचा हाच आसरा गेला. पाणवनस्पती ग्रासकार्प माशाने फस्त केल्या आणि काठ बेशरम या झुडपाने व्यापला.

म्हणून येथे कामाची सुरुवात माशांपासून न होता वनस्पतींपासून होते, आणि हेच त्याचे मर्म आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेशरम काढतात. नुसती कापून भागत नाही. ओल्या मातीत पडलेल्या तुकड्यालाही मुळे फुटतात, म्हणून ती मुळासकट उपटून तलावाबाहेर न्यावी लागते. मोकळ्या झालेल्या जागेत हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या वनस्पती महिला चिखलात हाताने लावतात. कोणती वनस्पती किती खोलीवर तगते आणि कोणता मासा तिच्या आश्रयाने राहतो, हे ज्ञान धीवरांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. अभ्यासकांनी ते नोंदवून घेतले. या वनस्पतींवर पाणपक्षीही पोसतात.

मासे परत आणण्याची वाट सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेतील क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत हटवली गेली. तेथे युरोक, करुक आदी आदिवासी जमातींनी सॅमन माशासाठी दीर्घ लढा दिला होता. त्याच वर्षी सॅमन वरच्या प्रवाहात पोहोचले. मामा तलावांत बांध हटवण्याचा प्रश्न नाही, कारण तलाव पाळीवरच उभा आहे. येथला पेच पाण्याच्या वाटपाचा आहे: धानाला पाणी सोडताना माशांपुरते पाणी तलावात उरावे लागते, आणि ते शेतकरी व मच्छीमार यांच्या समजुतीनेच राखता येते.