मुंबईच्या गाडीचा हिवाळा जूनमध्ये येतो

हिवाळ्यासाठी गाडी कशी तयार करायची, यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. बर्फाचे टायर, काचेवरचं दव, गोठणारं कूलंट. आपल्या अंधेरी-बोरिवलीला यातलं काय लागू होतं? सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेलं आजवरचं सगळ्यात कमी तापमान आहे ७.४ अंश, तारीख २७ जानेवारी १९६२. म्हणजे रेकॉर्डब्रेक थंडीतही पाणी गोठायला सात अंश बाकीच होते!

आपल्या गाड्यांचा जीवघेणा ऋतू वेगळा आहे. म्हणून आजचा इतिहास पावसाचा.

आधी जुन्या गाड्यांकडे जाऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी आठवते? तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. थंड सकाळी तिचा चोक ओढावा लागे, म्हणजे इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त. हीच काय ती तिची हिवाळ्याची तयारी. पावसात डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं की ती जागीच बंद पडायची. मग बॉनेट उघडा, झाकण काढा, कोरड्या फडक्याने पुसा, ढकला, चालू. वैताग होता, पण तिच्या काचा हाताने फिरवून खाली यायच्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२६ जुलै २००५, मंगळवार. दुपारनंतर पाऊस असा कोसळला की २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंद झाली. त्याच वेळी कुलाब्यात जेमतेम ७४! एकच शहर, पण बुडालं ते मुख्यतः उपनगर. शहराची जुनी गटारं तासाला साधारण २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली. त्यात भरतीची वेळ, आणि विहार-पवईकडून माहीमच्या खाडीकडे जाणारी मिठी भराव आणि कचऱ्याने आवळलेली. पाणी जाणार कुठे? एलबीएस मार्ग, मिलन सबवे, अंधेरी सबवे, सगळं तुंबलं. एकट्या मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली.

त्यातली काही स्वतःच्या गाडीत गेली. मला या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. बाहेर धो धो पाऊस, म्हणून काचा बंद, एसी चालू, ट्रॅफिक हलत नाही. लोकांना वाटलं, गाडीत आपण सुरक्षित. पाणी चढलं तसं बाहेरच्या दाबाने दार उघडेना, वायरिंग भिजल्यावर सेंट्रल लॉक आणि पॉवर विंडो दगा देऊ लागले. जी सोय आपण जास्त पैसे मोजून घेतली, तीच पिंजरा झाली.

त्यानंतर चितळे समिती बसली, गटारांची क्षमता दुप्पट करायच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाला वेग आला, पंपिंग स्टेशनं उभी राहिली. लोकांनी डॅशबोर्डमध्ये हातोडी ठेवायला सुरुवात केली. पण शहर विसरतं. जुलै २०१९ मध्ये, सांताक्रूझला २४ तासांत ३७५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, तेव्हा मालाड सबवेत गाडीत अडकून दोघांचा जीव गेला. चौदा वर्षांनी, तोच प्रकार.

म्हणून मे महिन्यात एवढं कराच. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदला. टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, पण तिथपर्यंत वाट बघू नका. ब्रेक, बॅटरी, दिवे तपासून घ्या. विम्यात इंजिन प्रोटेक्ट आहे का बघा, कारण साध्या पॉलिसीत पाण्याने बिघडलेलं इंजिन बहुधा बसत नाही.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला जाऊ नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, इंजिनात गेलं तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि हातोडी हात पोचेल तिथे ठेवा, डिकीत नको. मारायची ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर. पुढची काच दोन थरांत चिकटवलेली असते, ती फुटून मोकळी होत नाही.

सबवेत पाणी दिसलं तर गाडी आत घालूच नका. आणि अडकलातच, तर पाणी दाराशी पोचायच्या आत बेल्ट काढा, काच खाली करा, बाहेर पडा. गाडी जाऊ दे, ईएमआय नंतर बघू.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आई-बाबांना, शेजारच्या काकांना विचारा, २६ जुलैला तुम्ही कुठे होतात? घाटकोपर असो वा मुलुंड, प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते, म्हणून ती ऐकून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडला!