दाढेच्या वरची पोकळी

वरच्या दाढेचं रूट कॅनल झालं, कॅप बसली, तरी गाल ठणकतो, खाली वाकलं की डोळ्याखाली जड होतं, अशी तक्रार घेऊन माणसं माझ्याकडे येतात. तोवर त्यांचे बरेच हेलपाटे झालेले असतात. दाताचे डॉक्टर सायनसकडे बोट दाखवतात, नाक-घशाचे डॉक्टर दाताकडे. ही टोलवाटोलवी मला सहन होत नाही. दाढेची मुळं आणि सायनस यांच्यामधलं हाड किती पातळ असतं, हे १६५१ सालीच छापून आलंय.

त्या साली नॅथॅनिएल हायमोर या इंग्लिश डॉक्टरचं शरीररचनेवरचं पुस्तक हेगमध्ये निघालं. वरच्या जबड्याच्या हाडातली ही पोकळी, म्हणजेच सायनस, लिओनार्दो दा विंचीने दीडशे वर्षं आधीच रेखाटली होती, पण ती चित्रं त्याच्या कागदांतच राहिली. हायमोरने पोकळीसोबत एका बाईंची हकिकतही लिहिली, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. दातांच्या दुखण्याने बेजार झालेल्या या बाईंचा वरचा सुळा काढला, त्याबरोबर हाडाचा पापुद्रा निघाला आणि खड्ड्यातून सतत द्राव झिरपायला लागला. बाईंनी आत चांदीची सळई घातली. ती जवळजवळ डोळ्यापर्यंत गेली. मग पिसाची काडी घातली, तर ती सगळीच आत! मेंदूला लागली की काय, या धास्तीने त्या हायमोरकडे आल्या. काडी पोकळीतच गोल वळली होती, हे त्याने त्यांना नीट समजावलं.

पुढे लंडनच्या विल्यम काउपर या सर्जनने पहिली मोठी दाढ काढून तिच्याच खड्ड्यातून सायनसमधला पू बाहेर काढायची रीत पाडली. जेम्स ड्रेक या डॉक्टरने ती १७०७ मध्ये छापली.

दात उपटण्याचा खरा अतिरेक मात्र विसाव्या शतकात झाला. १९१० मध्ये विल्यम हंटर या डॉक्टरने माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं: तोंडातल्या पूमुळे शरीरात इतरत्र आजार होतात, असं त्याचं म्हणणं. त्याचा रोख कुजक्या मुळांवर चढवलेल्या सोन्याच्या कॅपांवर होता, पण पुढची दोन-तीन दशकं बदनाम झालं रूट कॅनल, आणि वाचवता येण्याजोगे असंख्य दात गेले. ज्यांच्या दुखण्याचं कारण सापडत नव्हतं त्यांच्यावर, त्यातही बायकांवर, मनाच्या आजाराचा शिक्का बसत राहिला. हा अन्याय मला उपटलेल्या दातांहून मोठा वाटतो.

साध्या एक्स-रेत वरच्या दाढेची मुळं गालाच्या हाडाच्या सावलीत लपतात. १९९०च्या दशकाअखेर सीबीसीटी हे त्रिमितीय एक्स-रेचं तंत्र आलं आणि ती वेगवेगळी दिसू लागली. गालाकडच्या पुढच्या मुळातली राहून गेलेली दुसरी कॅनल, सायनसच्या तळाशी जाड झालेलं अस्तर, मुळाच्या टोकापलीकडे गेलेलं औषध, यांतलं काही सापडलं की उपायही सापडतो. काहीच सापडलं नाही, तर दुखणं नसेचं असू शकतं. तेव्हा मी नसेच्या दुखण्याचा इलाज जाणणाऱ्या डॉक्टरकडे पाठवतो. ‘शेजारचा दात काढून बघा ना’ असं रुग्ण काकुळतीला येऊन म्हणाला, तरी मी चिमटा उचलत नाही. असा दात काढला की ठणका पुढच्या दाताकडे सरकतो.