रुपयामागे एक आणा

आमच्या नातेवाइकांत दोन तट आहेत, पेन्शनवाले आणि फंडवाले. लग्नकार्यात भेटले की पाच मिनिटांत कोण कोणत्या तटातला ते कळते. हे तट पडले कसे, ते आज लिहितो. इतिहासापासून सुरुवात करणे ही मास्तराची जुनी खोड, सोसून घ्यावी.

15 नोव्हेंबर 1951 रोजी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा वटहुकूम निघाला आणि 1952 साली कायदा झाला. सुरुवातीला सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड हे सहाच उद्योग त्यात होते, तेही 50 किंवा जास्त कामगार असतील तरच. कपात 6.25 टक्के, मालकाचाही वाटा तेवढाच. हा आकडा विचित्र वाटतो ना? पण तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते. रुपयामागे एक आणा, म्हणजे बरोबर 6.25 टक्के! अंगठेबहाद्दरालाही तोंडी करता येईल असा हिशेब. आमचे जालना त्या वेळी हैदराबाद राज्यात होते, बाजारात हाली सिक्काही चाले. सात हालीचे सहा कलदार. पण हाली घ्या की कलदार, रुपयाचे आणे सोळाच.

फंडाची खोट अशी की तो एकरकमी हाती येतो. मुलीचे लग्न, घरावर स्लॅब, आणि संपला. 1971 साली कुटुंब निवृत्तिवेतन आले, पण ते कामगाराच्या मागे राहिलेल्यांसाठी. खुद्द कामगाराला दरमहा पेन्शन मिळू लागली ती 16 नोव्हेंबर 1995 च्या योजनेमुळे. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के, म्हणजे वर्षाकाठी एक पगार, तिकडे वळवले. गणित असे: पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले 70. 35 वर्षे भरली तर निम्मा पगार. ऐकायला झकास! मेख आहे ती ‘पगार’ या शब्दात. पगार कितीही असो, हिशेबाला मर्यादेपर्यंतचाच धरायचा. ती मर्यादा 2001 ते 2014 या काळात 6,500 रुपये होती, मग 15,000 झाली. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. 2014 साली सरकारने किमान पेन्शन ठरवली, ती दरमहा 1,000 रुपये. आमच्या शेजारच्या बुलढाण्यात डिसेंबर 2018 पासून या पेन्शनरांनी साखळी उपोषण मांडले. मागणी 7,500 रुपये आणि महागाई भत्ता.

मी अनुदानित शाळेतला. माझी पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. माझ्याच वयाचा, एसटीत कंडक्टर राहिलेला मित्र 1995 च्या योजनेत. त्याची पेन्शन निवृत्तीच्या दिवशी ठरली ती ठरली, माझी भत्त्यासोबत वाढत राहिली. उन्हातान्हात त्याने माझ्यापेक्षा कमी काम केले असे कोण म्हणेल? ही तफावत मला तरी पटलेली नाही.

असो. पुढे आमच्या तटातही फूट पडली. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्याच्या नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली आणि पगारातून 10 टक्के कापले जाऊ लागले. एकाच शिक्षक खोलीत, एकच विषय शिकवणारे दोघे, पण एकाला पेन्शन आणि दुसऱ्याला शेअर बाजारावर हेलकावणारी रक्कम. 14 मार्च 2023 रोजी राज्यभर संप झाला, तो सात दिवस चालला. त्या आठवड्यात माझे जुने विद्यार्थी, आता स्वतःच शिक्षक झालेले, घोषणा देत होते. संपानंतर 2024 साली राज्याने सुधारित योजना आणली आणि निम्म्या पगाराचा पर्याय पुन्हा पुढे ठेवला. कंडक्टर मित्राच्या योजनेला तो लागू नाही.