देवांची नगरी, माणसांच्या वस्त्या

घरात गावाचे एक नाव आणि कचेरीच्या पाटीवर दुसरे, ही गोष्ट आपल्या मुलुखातल्या माणसाला नवी नाही. थायलंडच्या राजधानीचेही तसेच आहे. सारे जग तिला बँकॉक म्हणते. तिथला रहिवासी मात्र सहसा ‘क्रुंग थेप’ म्हणतो. थेप म्हणजे देव आणि क्रुंग थेप म्हणजे देवांची नगरी. राजधानीचे संपूर्ण नाव तर एखाद्या मंत्रासारखे लांबलचक आहे. त्यात महानगर आहे, अमर आहे, रत्न आहे, इंद्र आहे आणि नगरी उभारणारा विश्वकर्माही आहे. उच्चार थाई वळणाचे, त्यामुळे पहिल्यांदा कान फसतो; पण जरा थांबून ऐकले की ओळखीची माणसे परक्या पोशाखात भेटावीत तसे हे शब्द एकेक करून ओळख देऊ लागतात.

या नगरीचा मूळ गाभा म्हणजे फ्रा नखोन हा भाग. नखोन म्हणजे आपले नगर. पश्चिमेला चाओ फ्राया नदीचे वळण आणि पूर्वेला माणसांनी खणलेला कालवा यांच्यामध्ये हा भाग बेटासारखा वसला आहे. त्याला रत्तनकोसिन बेट म्हणतात. राजवाडा, पाचूच्या बुद्धाचे मंदिर, सोनेरी कळस एवढे पाहून प्रवासी परततो. आपल्याला आज त्या कळसांच्या सावलीत राहणाऱ्यांची विचारपूस करायची आहे. कारण या बेटावरच्या अनेक थोर वास्तूंसाठी कोणाला ना कोणाला आपले बिऱ्हाड उचलावे लागले, आणि ती हकीकत वास्तूंच्या पाटीवर क्वचितच लिहिलेली असते.

१७६७ साली ब्रह्मी सैन्याने सयामची जुनी राजधानी अयुथ्थया उद्ध्वस्त केली. हे नाव अयोध्येवरून आलेले, हे वेगळे सांगायला नको. त्या पडझडीतून राज्य सावरणाऱ्या ताकसिन राजाने चाओ फ्रायाच्या पश्चिम तीरावर थोनबुरी, म्हणजे धनपुरी, येथे आपले ठाणे केले. १७८२ साली सत्ता पालटली. चक्री सेनापती राजा झाला. इतिहास त्याला पहिला राम म्हणून ओळखतो. त्याने राजधानी नदीच्या पूर्व तीरावर नेण्याचे ठरवले. पश्चिमेला नदीचे रुंद पात्र असल्याने त्या बाजूने येणारा शत्रू आपोआप अडणार होता. २१ एप्रिल १७८२ रोजी नगरस्तंभ रोवला गेला आणि नगरीचा जन्म झाला.

पण ही जागा मोकळी नव्हती. राजवाड्यासाठी निवडलेल्या काठावर चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. राजाज्ञेने ती हलवली गेली. नियोजित तटाबाहेर, आग्नेयेला, साम्पेंगच्या बागाईत पट्ट्यात त्यांना जागा मिळाली. आज जगभरातले लोक हौसेने बघायला जातात तो बँकॉकचा चिनी बाजार असा जन्मला. नगरीच्या इतिहासाचे पहिले पान उलगडते तेच एका वस्तीच्या स्थलांतराने.

पुढच्या दोन-तीन वर्षांत बाहेरचा कालवा खणला गेला, तट आणि चौदा बुरूज उभे राहिले. या कामाला ख्मेर आणि लाओ मजूर लावले होते, आणि अयुथ्थयाच्या पडक्या तटाच्या विटाही होड्यांत भरून आणल्या गेल्या. चौदांपैकी आज दोनच बुरूज शिल्लक आहेत. उत्तरेकडचा फ्रा सुमेन, म्हणजे सुमेरू, आणि पूर्वेकडचा महाकान, म्हणजे महाकाळ. या दुसऱ्या बुरुजाकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

तटाच्या आतबाहेर हळूहळू वस्त्या वसल्या, बहुतेक एकेका धंद्याच्या. थाई भाषेत वस्तीला ‘बान’ म्हणतात. तटाबाहेर बान बात ही भिक्षापात्रे घडवणाऱ्यांची वस्ती; यातला ‘बात’ म्हणजे आपले पात्रच. कालव्याच्या एका भागाला ओंग आंग म्हणतात. ओंग आणि आंग ही मातीच्या मोठ्या भांड्यांची नावे, कारण त्या काठावर भांड्यांचा व्यापार चाले. पुढे प्रवाशांच्या गर्दीने गाजलेला खाओ सान रस्ता म्हणजे शब्दशः ‘सडीक तांदूळ’. तिथे तांदळाची पेठ होती. पेठा गेल्या, नावे राहिली.

मृतांसाठीही एक वाट नेमलेली होती. तटाच्या आत दहनाला बंदी असल्यामुळे सामान्य माणसाचे प्रेत एका ठरावीक दरवाजाने बाहेर नेत. त्याला लोक ‘प्रातू फी’, म्हणजे भुतांचा दरवाजा, म्हणत. पलीकडे वात साकेत हे मंदिर. साकेत या नावात केश दडलेला आहे. पहिल्या रामाने नगरीत येऊन राजा होण्यापूर्वी इथे केस धुऊन शुद्धी केली, अशी परंपरा सांगतात. १८२० साली पटकीची साथ आली तेव्हा याच मंदिराच्या आवारात प्रेतांचे ढीग लागले आणि गिधाडे उतरली. त्याच मंदिराशेजारी पुढे सोनेरी कळसाची टेकडी उभी राहिली. आपल्याकडे पिप्राव्याच्या स्तूपात सापडलेले बुद्धाचे अवशेष इंग्रज सरकारने सयामच्या राजाला दिले, त्यांतले काही या टेकडीवर ठेवले आहेत. भुतांचा दरवाजा केव्हाच गेला. त्या चौकात आता रात्री जेवणासाठी रांगा लागतात.

नगरीच्या मध्यावर दोन उंच तांबडे खांब उभे आहेत. हा साओ चिंग चा, म्हणजे महाझोपाळा. शेजारी देवस्थान आहे; थाई लोक त्याला ‘थेवसथान’ म्हणतात. दोन्हींची उभारणी १७८४ सालची. देवस्थान राजदरबाराच्या ब्राह्मणांचे. त्यांचे पूर्वज तमिळ देशातून आले. वर्षातून एकदा शिव पृथ्वीवर उतरतो, त्याच्या स्वागताचा हा उत्सव. फळीवर उभे राहून तरुण उंच झोके घेत आणि बांबूला टांगलेली नाण्यांची थैली दातांनी पकडत. उत्सवाच्या त्रियम्पवाय या नावात तमिळ ‘तिरुवेम्पावै’ अजून ऐकू येते. १९२० साली झोपाळा थोड्या अंतरावर, आजच्या जागी, हलवण्यात आला. १९३५ नंतर झोके थांबले ते कायमचे. खांब मात्र उभेच राहिले.

नगरीची चाल बदलली ती रस्त्यांनी. तोवर सारा व्यवहार पाण्यावरून होई. १८५५ च्या बाउरिंग तहानंतर युरोपीय व्यापारी येऊन राहिले आणि घोड्यावरून फिरायला रस्ता नाही, अशी त्यांनी तक्रार केली. चौथ्या रामाने चरोएन क्रुंग हा रस्ता बांधला. तो १८६४ साली पुरा झाला. १८८८ साली त्यावरून घोड्यांची ट्राम आणि १८९४ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. घरांची तोंडे पाण्याकडून रस्त्याकडे वळली. पुढे कित्येक कालवे बुजले, आणि १९६८ साली ट्रामही बंद झाली.

नगरीच्या दक्षिण भागात व्हिएतनामी लोकांची एक वस्ती होती. १८९८ साली ती आगीत जळाली आणि त्या जागेवरून पाचव्या रामाने रस्ता काढला. आठ वर्षांची होऊन वारलेल्या आपल्या मुलीचे, फाहुरातचे, नाव त्याला दिले. जळालेल्या वस्तीच्या जागी कापडाची दुकाने आली आणि ती थाटणाऱ्यांत पंजाबातून आलेले शीख बरेच होते. १९३२ च्या सुमारास गुरुद्वारा उभा राहिला. आज फाहुरातमध्ये साड्या मिळतात, अगरबत्तीचा वास येतो, हिंदी कानांवर पडते. एका वस्तीच्या राखेवर दुसरी वस्ती अशी रुजली. येणाऱ्याला त्यात बोल लावता येत नाही; तोही आपला गाव सोडूनच आलेला असतो.

पाचव्या रामानेच १८९९ पासून राजवाड्यापासून नव्या दुसित महालाकडे जाणारा राचदम्नोएन हा रुंद राजमार्ग आखला. १९३२ साली अनियंत्रित राजसत्ता संपली आणि नव्या सत्ताधाऱ्यांना याच मार्गावर आपली खूण हवीशी वाटली. लोकशाही स्मारक २४ जून १९४० रोजी खुले झाले. त्याचे चार पंख २४ मीटर उंच आहेत. हा आकडा क्रांतीच्या तारखेचा. स्मारकासाठी आणि रस्ता रुंद करण्यासाठी सावलीची शेकडो झाडे तोडली गेली आणि दोन्ही बाजूंच्या भाडेकरूंना, त्यांत मुख्यतः चिनी दुकानदारांना, घाईने जागा सोडाव्या लागल्या. लोकांच्या राज्याचे स्मारक लोकांना उठवून उभे राहिले, हा योगायोग तिथल्या इतिहासकारांच्या नजरेतून सुटलेला नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात याच स्मारकाभोवती विद्यार्थी आणि नागरिक लाखोंनी जमले आणि लष्करी राजवट कोसळली, हेही तितकेच खरे.

नव्या खुणाही टिकतातच असे नाही. राजमार्गाच्या टोकाला १९४९ मध्ये सुरू झालेले चालेर्म थाई नाट्यगृह होते. नाटके आणि पुढे सिनेमे पाहत एक पिढी तिथे वाढली. त्याच्या मागे तिसऱ्या रामाने बांधायला घेतलेला लोहप्रासाद झाकला जातो, म्हणून १९८९ साली नाट्यगृह पाडले गेले. सदतीस कळसांचा तो प्रासाद आता रस्त्यावरून स्पष्ट दिसतो आणि खरोखरच देखणा दिसतो. म्हाताऱ्यांना मात्र तिथे अजून नाट्यगृहच आठवते.

आता महाकान बुरुजाकडे येऊ. बुरुजाला लागून जुन्या तटाचा एक तुकडा आणि कालवा यांच्या चिंचोळ्या पट्टीत लाकडी घरांची छोटी वस्ती होती. तिसऱ्या रामाच्या काळात दरबारी अधिकाऱ्यांची घरे तिथे होती, असे सांगतात. लिके या लोकनाट्याच्या आरंभाशी या जागेचे नाते जोडले जाते. अलीकडच्या काळात तिथे फटाके विकणारे आणि पक्ष्यांचे पिंजरे करणारे राहत. वस्ती जेमतेम तीनशे माणसांची.

१९९२ साली ही जागा संपादन करण्याचा हुकूम निघाला. घरे काढून तिथे हिरवळ आणि उद्यान करायचे, म्हणजे बुरूज मोकळा दिसेल आणि शहराला बाग मिळेल, ही पालिकेची भूमिका. जागा कायद्याने घेतलेली होती, न्यायालयाचा निकालही पालिकेच्या बाजूने लागला. काही कुटुंबांनी भरपाई घेऊन घर सोडले. बाकीच्यांनी सांगितले की उद्यान जरूर करा, आम्ही एका कडेला राहू, बाग झाडू, रात्रीची राखण करू, येणाऱ्यांना जुनी घरे दाखवू. सिल्पाकोन, म्हणजे शिल्पाकर, विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तशी योजनाही तयार केली. मायकेल हर्झफेल्ड या मानववंशशास्त्रज्ञाने या लढ्यावर एक ग्रंथ लिहिला. तो २०१६ साली आला. त्याच वर्षी घरे पाडायला सुरुवात झाली. एप्रिल २०१८ मध्ये शेवटची माणसे बाहेर पडली. पाव शतक चाललेला झगडा संपला. आता तिथे हिरवळ आहे. फटाक्यांची दुकाने नाहीत, पिंजरे नाहीत.

याच्या शेजारी झोपाळ्याची गोष्ट ठेवून पाहावी. त्याचे लाकूड कुजले तेव्हा उत्तरेच्या फ्रे प्रांतातून सहा प्रचंड सागवान निवडून आणले गेले, आणि २००७ साली नवा झोपाळा समारंभाने अर्पण झाला. लाकूड नवे, तरी झोपाळा तोच, हे सर्वांनी आनंदाने मान्य केले. ते योग्यच झाले. मग महाकानच्या लाकडी घरांची डागडुजी करून आतली माणसे तिथेच ठेवता आली नसती काय? जी माणसे रोज सकाळी उठून बुरुजाच्या पायथ्याशी झाडलोट करत होती, ती त्या बुरुजाच्या इतिहासात बसत नव्हती, असे ठरवले कोणी?

अर्थात सारेच संपलेले नाही. २०१९ साली भुयारी रेल्वे या बेटाखाली आली. तिच्या साम योत, म्हणजे ‘तीन शिखरे’, या स्थानकाने कधीच नाहीशा झालेल्या नगरद्वाराचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आणले. आणि महाकानपासून चालत थोड्याच अंतरावर बान बातच्या गल्लीत अजून हातोडीचा ठोका ऐकू येतो. कारखान्यातली पात्रे स्वस्त मिळू लागल्यापासून हा धंदा मोजक्या घरांपुरता उरला आहे. पोलादाच्या आठ पट्ट्या वाकवून, जोडून, ठोकून एक भिक्षापात्र होते. आठ सांधे नीट बसले तरच ते पाणी धरते.